तलंग अंड्यावर आली

‘तलंग’ हा शब्द तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? मागच्या आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये मी हा प्रश्न आमच्या टीमला विचारला. एकाला ते आडनाव वाटलं, एकानं तेलंगणाशी नातं जोडलं, एकीनं "पतंग म्हणायचंय का तुला?" असं विचारलं. शेवटी वाईकडची आमची टेस्टर म्हणाली, "अरे, तलंग म्हणजे अजून अंडी द्यायला न लागलेली कोंबडी. एवढं पण माहीत नाही?" तिचा त्या दिवशीचा चहा माझ्याकडून.

तर तलंग म्हणजे पिल्लूही नाही आणि कोंबडीही नाही. आईच्या मागे फिरायचं वय सरलंय, पिसं भरलीत, पण अजून पहिलं अंडं दिलेलं नाही, अशी पोरसवदा कोंबडी. ज्यांच्या परसात कोंबड्या असतात त्यांना या मधल्या टप्प्यासाठी वेगळा शब्द का लागला? मला वाटतं याचं उत्तर घरच्या हिशेबात आहे. पिल्लू म्हणजे नुसता खर्च आणि काळजी. अंडी देणारी कोंबडी म्हणजे उत्पन्न. तलंग ज्या दिवशी पहिलं अंडं देते त्या दिवशी खर्चाच्या रकान्यातली वस्तू जमेच्या रकान्यात जाते. घरात ज्या बाईनं तिला वाढवलंय तिच्यासाठी ही बातमी असते.

या वीकेंडला याच बातमीचा इतिहास लिहायचं ठरवलंय. जागा आहे महाड-पोलादपूरची, म्हणजे रायगड जिल्ह्याचा आतला, घाटाच्या पायथ्याचा भाग. माझं आजोळ पोलादपूर तालुक्यातलं, त्यामुळे कोंबड्यांचं थोडंफार शिक्षण तिथं झालंय. आणि या भागाबद्दल लिहायचं तर तळीये हे नाव येणारच. वरंध घाटाच्या बाजूचं, महाड तालुक्यातलं हे गाव. आपल्याला त्याची एकच तारीख माहीत असते, २२ जुलै २०२१. त्या तारखेकडे मी येणार आहे, पण तिथं पोचण्याआधी कोंबडीची थोडी ओळख करून घेऊ, कारण तिची किंमत कळल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही.

आधी शरीराचं गणित. गावठी तलंग साधारण सहा-सात महिन्यांची झाली की अंड्यावर येते. (पोल्ट्रीतली संकरित कोंबडी अठरा-वीस आठवड्यांतच येते, पण तिच्याबद्दल नंतर.) माझी आजी लांबून बघून सांगायची की कुठली तलंग आता आठवड्याभरात अंडं देणार. मला तेव्हा ती जादू वाटायची. त्यामागे सरळ निरीक्षण होतं. तलंगेचा तुरा फिकट गुलाबी असतो तो लालभडक व्हायला लागतो. ती खुराड्याचे कोपरे, पाट्या, पेंढ्याचा ढीग, कॉटखालची जागा असं सगळं तपासत फिरते. उगाचच ओरडते. आणि जवळ गेलं की पळून न जाता पंख किंचित पसरून खाली बसते. शंका असेल तर आजी तिला काखेत धरून मागच्या बाजूची दोन हाडं बोटांनी चाचपायची. दोन बोटं मावली की झालं. "तलंग हाय ती, हात नको लावूस. आज ना उद्या बसंल," असं आम्हाला बजावलं जायचं.

आतमध्ये काय चालू असतं ते आता विज्ञानाला बऱ्यापैकी माहीत आहे. कोंबडीला दिवस मोठा होतोय की लहान हे कळतं, आणि ते नुसतं डोळ्यांनी नाही. उजेड कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो आणि तिथल्या प्रकाश ओळखणाऱ्या पेशी संप्रेरकांची साखळी सुरू करतात. म्हणूनच पोल्ट्रीत बल्ब लावून दिवस चौदा ते सोळा तासांचा करतात. आपल्या कोकणात जूनमधला सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा वर जातो आणि डिसेंबरातला सगळ्यात लहान साधारण अकरा तासांचा असतो. गावठी कोंबडीला एवढ्यावरच भागवावं लागतं.

अंडं द्यायच्या आधी तलंगेच्या हाडांतही बदल होतो. एका अंड्याच्या कवचाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. ते रोजच्या दाण्यातून ऐनवेळी मिळणं कठीण, म्हणून पायाच्या हाडांच्या पोकळीत एक खास प्रकारचं हाड आधी तयार होतं. ही तिची बँक. कवच घडताना कॅल्शियम तिथून काढलं जातं. गंमत म्हणजे २००५ साली मेरी श्वाइट्झर यांनी अशाच प्रकारचं हाड टायरॅनोसॉरस रेक्सच्या जीवाश्मात सापडल्याचं जाहीर केलं. म्हणजे तो डायनोसॉर मादी होता आणि अंड्यावर आलेला होता. परसातल्या तलंगेची वंशावळ किती मागे जाते बघा!

पहिलं अंडं लहानसं असतं. कधी वेडंवाकडं, कधी कवच मऊ, कधी आत बलकच नाही. त्यानंतर काही आठवड्यांत गाडी रुळावर येते. एक अंडं घडायला चोवीस ते सव्वीस तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसतं कवच बनण्यात जातात. म्हणून अंडी द्यायची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मध्येच एक दिवस खाडा पडतो.

दहा-पंधरा अंडी झाली की गावठी कोंबडी खुडूक होते. खुडूक म्हणजे अंडी देणं थांबवून अंड्यांवर ठाण मांडून बसणं. हात घातला तर टोचते, खाणंपिणं कमी करते, अंग गरम लागतं. एकवीस दिवस बसून पिल्लं काढते आणि मग दोनेक महिने त्यांना घेऊन फिरते. या सगळ्या काळात अंडं नाही. त्यामुळे वर्षाकाठी तिची अंडी होतात पन्नास-साठ. पोल्ट्रीतली कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर देते. हा खुडूकपणा लक्षात ठेवा, कारण या लेखाचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे.

ही कोंबडी इथं आली कुठून? पूर्वी पुस्तकांत सरसकट असायचं की हडप्पा संस्कृतीनं कोंबडी माणसाळवली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं तिचं मूळ आग्नेय आशियाच्या बाजूच्या लाल रानकोंबड्याच्या एका उपजातीकडे नेलं. २०२२ मधल्या दुसऱ्या संशोधनानं जगभरच्या उत्खननांतली हाडं पुन्हा तपासली आणि सगळ्यात जुनी खात्रीची माणसाळलेली कोंबडी थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणी ठेवली, इसवी सनापूर्वी साधारण १६५० ते १२५० या काळात. त्या संशोधकांचा अंदाज मला फार पटतो: माणसांनी भात पेरायला सुरुवात केली, सांडलेल्या दाण्यांसाठी रानकोंबड्या झाडावरून उतरून वस्तीजवळ आल्या आणि तिथंच राहिल्या. म्हणजे भाताच्या मागोमाग कोंबडी. कोकणातल्या माणसाला हे पटवायला संशोधनाची गरजही नाही. झोडपणी चालू असलेल्या खळ्यावर उभं राहिलं की पुरे.

दुसरी गोष्ट आपल्या सह्याद्रीची. २००८ मध्ये स्वीडिश संशोधकांच्या गटानं दाखवलं की कोंबडीच्या पिवळ्या पायांचं आणि पिवळ्या कातडीचं जनुक लाल रानकोंबड्याकडून आलेलंच नाही. ते आलंय करड्या रानकोंबड्याकडून, जो भारताबाहेर नैसर्गिकपणे आढळत नाही आणि ज्याची हक्काची जागा पश्चिम घाट. वरंध किंवा आंबेनळी घाटात सकाळी गाडी थांबवली तर आजही त्याचा अडखळत आरवण्याचा आवाज ऐकू येतो. जगातल्या कोट्यवधी पोल्ट्रीच्या कोंबड्यांचे पिवळे पाय म्हणजे या पाहुण्याची आठवण. म्हणून गावठी कोंबडीला ‘गावठी’ म्हणताना थोडा आदर असावा. :)

आता माणसांकडे वळू. कोंबडी पाळणं हे आपल्याकडे कधीच सगळ्यांचं काम नव्हतं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात काय खाल्लं की द्विज पतित होतो याची यादी आहे. तिच्यात लसूण, कांदा, अळंबी, गावडुकराबरोबर गावचा कोंबडाही आहे. बंदी आहे ती वस्तीत, उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबड्यावर. म्हणजे परसातली कोंबडी ही कोणाची आणि कोणाची नाही, हे एका रेषेनं ठरवून टाकलेलं होतं. कोकणातल्या गावांत कोंबड्या दिसायच्या त्या कुणब्यांच्या, मराठ्यांच्या, महारांच्या, कोळ्यांच्या, कातकऱ्यांच्या, मुसलमानांच्या दारात.

याच ग्रंथाचं दहन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी झालं ते महाडमध्येच. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. आपण दहनाबद्दल बोलतो तेव्हा पाणी, मंदिर, लग्न अशा मोठ्या बाबी डोळ्यांसमोर असतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या ग्रंथानं माणसाच्या ताटातल्या आणि उकिरड्यावरच्या गोष्टींनासुद्धा उच्च-नीच लावलं होतं, हे कोंबडीच्या निमित्तानं नीट कळतं.

त्या काळात इथली जमीन बहुतांशी खोती पद्धतीत होती. भात कुळानं पिकवायचं आणि मोठा वाटा खोताला घालायचा. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, पण कायदा व्हायला १९४९ साल उजाडावं लागलं. अशा मुलखात कोंबडी ही वेगळीच चीज होती. तिला सातबारा लागत नाही. तिला वेगळा चारा लागत नाही, ती सांडलेलं भात, किडे, उष्टं-खरकटं यावर जगते. ज्याला वीतभर जमीन नाही त्याच्याकडेही ती असू शकते.

आणि बहुतेक घरांत ती बाईची असते. महाड-पोलादपूरचे पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईला गेले, गिरण्यांत, गोदीत, हॉटेलांत. गावात राहिल्या बायका, म्हातारे आणि पोरं. मनीऑर्डर यायची ती सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या हातात. अंड्याचे पैसे मात्र बाईच्या हातात. आमच्या आजोबांनी भाताच्या एकेका पायलीचा हिशेब ठेवला, पण अंड्यांचा कधी विचारला नाही. ती वेगळी तिजोरी होती. मीठ, घासलेट, पोरांच्या वह्या, बांगड्या, माहेरी जायचं एसटीचं तिकीट हे सगळं त्यातून निघायचं. मामेबहिणीला दहावीच्या फॉर्मची फी कमी पडली तेव्हा आजीनं आधी दोन कोंबडे विकले. तलंगेला हात लावला नाही. पाहुणा आला, देवाला द्यायचा झाला तरी कापला जायचा कोंबडाच. "तलंग कापायची नाय" हा नियम होता. आज मी त्याला भांडवल खाऊन टाकू नये असा नियम म्हणेन. आजीनं तो अर्थशास्त्राशिवाय पाळला.

ते भांडवल वाढतं कसं ते बघू. सोयीसाठी आकडे धरू. एक तलंग अंड्यावर आली. वर्षात तिचे चार हप्ते झाले, प्रत्येकी बारा-तेरा अंड्यांचे. तीन हप्त्यांची अंडी विकली किंवा खाल्ली. चौथ्याला तिला बसवलं. बारा अंड्यांतून नऊ पिल्लं निघाली. घार, मुंगूस, पाऊस यांच्या तडाख्यातून चार-पाच वाचली. त्यातल्या दोन तलंगा. म्हणजे वर्षअखेर एकीच्या तीन झाल्या, रोख खर्च जवळजवळ शून्य. आणि एखादी तलंग भावजयीला नाहीतर शेजारणीला निम्म्या वाट्यानं पाळायला दिली, तर तिच्याही दारात हेच चक्र सुरू होतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर गावठी कोंबडी ही ओपन सोर्स आहे. एकदा प्रत मिळाली की पुढच्या प्रती तुमच्या तुम्ही काढा, कोणाला विचारायला नको.

(ही व्यवस्था फार सुखाची होती असं नाही. मानमोडीची साथ आली की एका आठवड्यात खुराडं रिकामं. सरकारी भाषेत हा राणीखेत रोग, कारण भारतात तो १९२७-२८ च्या सुमाराला राणीखेतला नोंदला गेला. आता त्यावर लस आहे, पण ती वेळेवर वाडीपर्यंत पोचली तर.)

ओपन सोर्सनंतर लायसन्सचा जमाना आला. इटलीतल्या लिव्होर्नो बंदराच्या नावावरून ओळखली जाणारी लेगहॉर्न ही पांढरी कोंबडी अमेरिकेत सुधारली गेली आणि जगभर अंड्यांच्या धंद्याचा पाया बनली. तिच्या निवडीत पिढ्यानपिढ्या एक गोष्ट ठरवून काढून टाकली गेली, ती म्हणजे खुडूकपणा. धंद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. कोंबडी अंड्यांवर बसली की तीन महिने कारखाना बंद. उबवायचं काम मशीनकडे, अंडी द्यायचं काम कोंबडीकडे, अशी विभागणी झाली.

या बदलाचं भारतातलं मोठं केंद्र पुढे आपलं पुणेच झालं. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये हैदराबादला व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि नंतर पुण्यातून हा व्याप देशभर वाढला. अंड्यांचे भाव कोसळून छोटे पोल्ट्रीवाले बुडायला लागले तेव्हा १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकारानं राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, स्थापन झाली. ती संडे-मंडेवाली जाहिरात आठवतेय ना, ती यांचीच. रोज सकाळी अंड्याचा भाव जाहीर होतो तो यांचाच. शहरातल्या मध्यमवर्गाच्या घरात अंडं रोजचं आणि स्वस्त झालं ते या माणसांमुळे, यात वाद नाही. कॉलेजात मी चार वर्षं भुर्जीवर काढली आहेत, त्यामुळे कृतघ्न होणार नाही.

पण १९८२ हे साल महाड-पोलादपूरच्या घरांना दुसऱ्याच कारणासाठी आठवतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो अधिकृतपणे मागे न घेताच गिरण्या संपल्या. मनीऑर्डरी आटल्या, माणसं गावाकडे परतली. ज्या वर्षी अंड्यांचा संघटित बाजार उभा राहिला त्याच वर्षी या भागातल्या घरांना परसातल्या दोन पैशांची गरज वाढली. या दोन घटनांचा आपसात संबंध नाही. पण एकाच घरात दोन्ही पोचल्या: महाडच्या बाजारात ‘बॉयलर’ अंडी स्वस्तात मिळायला लागली आणि त्याच बाजारात आजी पाटीत भुसा घालून गावठी अंडी घेऊन बसायची.

तरी परसातली कोंबडी मेली नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात एकूण ८५ कोटी कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यातली ३१.७ कोटी परसातली. २०१२ च्या मानानं परसातली संख्या तब्बल ४६ टक्क्यांनी वाढली होती, तर पोल्ट्रीतली साडेचार टक्क्यांनी. देशातल्या अंड्यांपैकी मात्र साधारण १५ टक्केच परसातून येतात. म्हणजे सदतीस टक्के पक्षी आणि पंधरा टक्के अंडी. एक्सेलमध्ये बघणारा म्हणेल, उत्पादकता कमी. आजी म्हणाली असती, उरलेल्या वेळात ती पिल्लं काढत होती ना!

सरकारनंही परसाकडे लक्ष दिलं. महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत निम्म्या अनुदानावर ‘तलंगा गट’ मिळतो, आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ माद्या आणि ३ नर. (आमच्या ऑफिसात हरवलेला शब्द सरकारी कागदावर शाबूत आहे, याचा मला मनापासून आनंद झाला.) हैदराबादच्या संशोधन संस्थेनं काढलेली वनराजा आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं काढलेली गिरिराजा अशा सुधारित जाती परसासाठीच आहेत. त्या गावठीपेक्षा लवकर वाढतात आणि दुपटीहून जास्त अंडी देतात. पण त्या फारशा खुडूक होत नाहीत, आणि झाल्या तरी संकरित असल्यामुळे पुढच्या पिढीत ते गुण तसेच उतरत नाहीत. पुढची बॅच पुन्हा केंद्रातून आणायची. म्हणजे परसात ठेवलेली, पण लायसन्सवाली. ज्यांच्याकडे केंद्रापर्यंत जायला वेळ आणि पैसा आहे त्यांना चालतं. बाकीच्या बायका काय करतात? सुधारित कोंबडीची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. पेटंटवाल्यांना आवडणार नाही, पण मला हा उपाय भारी वाटतो.

आता त्या तारखेकडे.

२२ जुलै २०२१ ला या भागात अंगावर काटा येईल असा पाऊस झाला. घाटमाथ्यावर महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ सहाशे मिलिमीटरची नोंद झाली. सावित्री आणि गांधारी नद्यांचं पाणी महाड शहरात शिरलं, रस्ते बंद झाले, वीज आणि फोन गेले. त्या संध्याकाळी तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर खाली आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडी कोसळल्या. हे पहिल्यांदा झालं नव्हतं. २००५ च्या जुलैमध्ये याच महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडीवते इथं दरडींनी वस्त्या गाडल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, जिथं इतकी माणसं गेली तिथं कोंबड्यांचं काय घेऊन बसलायस? प्रश्न रास्त आहे. पण जी माणसं वाचतात, कामाला बाहेर गेलेली, मुंबईला असलेली, शेजारच्या वाडीतली, त्यांना दुसऱ्या दिवसापासून जगायचं असतं. त्यांचं काय काय गेलं याची सरकार यादी करतं, आणि त्या यादीत प्रत्येक गोष्टीला दर असतो. केंद्राच्या आपत्ती निधीचे तेव्हा लागू असलेले निकष असे होते: दुभती गाय किंवा म्हैस ३०,००० रुपये, शेळी-मेंढी ३,००० रुपये, कोंबडी ५० रुपये, आणि कोंबड्यांसाठी एका कुटुंबाला जास्तीत जास्त ५,०००. २०२२ पासूनच्या निकषांत कोंबडीचा दर १०० रुपये आणि मर्यादा १०,००० झाली. बाजारात गावठी कोंबडी घ्यायची तर तेव्हाही काहीशे रुपये मोजावे लागत होते.

दर कमी आहे हा एक भाग झाला. पण मला जास्त खटकतं ते हे की पिल्लू, कोंबडा, तलंग, अंड्यावर आलेली कोंबडी सगळ्यांना एकच दर. सरकारला फरक कळत नाही म्हणावं तर तसंही नाही. त्याच वर्षी, जानेवारी २०२१ मध्ये, राज्यात परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यापासून बर्ड फ्लू सुरू झाला. (त्याआधी फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला मोठा उद्रेक नंदुरबारच्या नवापूरला झाला होता, आणि तेव्हा पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या.) २०२१ मध्ये मारलेल्या पक्ष्यांची भरपाई जाहीर झाली ती वयानुसार: अंडी देणाऱ्या जातीचा पक्षी आठ आठवड्यांपर्यंत २० रुपये, आठ आठवड्यांवर ९० रुपये, मांसल पक्षी सहा आठवड्यांपर्यंत २०, त्यावर ७०, आणि नष्ट केलेलं अंडं ३ रुपये. म्हणजे पोल्ट्रीचा विचार करताना सरकारला वय कळतं, जात कळते, अंडंसुद्धा वेगळं मोजता येतं. दरडीखाली परसू गेलं की सगळ्या कोंबड्या सारख्या होतात.

यात कोणाचा दुष्टपणा आहे असं मला वाटत नाही. निकष लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोंबडी म्हणजे मांस किंवा अंडी. दुकानातून आणायची वस्तू. गेली तर तिची किंमत द्या, मिटलं. पण परसातल्या बाईच्या हिशेबात अंड्यावर आलेली तलंग ही वस्तू नव्हती. ती पुढच्या वर्षीच्या तीन कोंबड्या होती, शेजारणीशी असलेला निम्मा वाटा होता, घरात कोणाला न विचारता खर्च करता येणारे पैसे होते. पन्नास रुपयांत यातलं काहीच परत येत नाही. शिवाय पंचनामा लागतो. गाडल्या गेलेल्या खुराड्यातली तलंग कोण मोजणार आणि ती आठवड्याभरात अंड्यावर येणार होती हे कोण सांगणार? सांगणारी बाई असेल तर तिच्यापुढे त्या दिवशी त्याहून मोठी दुःखं असतात. त्यामुळे ते कागदावर येतच नाही.

यावर मोठं धोरण सुचवण्याइतका मी तज्ज्ञ नाही, पण दोन साध्या गोष्टी दिसतात. पहिली, ‘तलंगा गट’ ही योजना आहेच. दरडग्रस्त आणि पूरग्रस्त घरांना ती अर्ज, लॉटरी आणि निम्म्या हिश्श्याविना, पहिल्याच महिन्यांत देता येईल, आणि त्यात निदान पाच-सहा खुडूक बसणाऱ्या गावठी तलंगा असाव्यात, म्हणजे पुढचं काम त्या स्वतः करतील. गट बाईच्या नावानं असावा, हेही ओघानं आलंच. दुसरी गोष्ट पुनर्वसनाच्या घरांची. आपण घर मोजतो ते चौरस फुटांत. खोल्या किती, संडास आत की बाहेर, छप्पर कशाचं. हे सगळं हवंच. पण मागे खुराड्याएवढी, पेंढा टाकता येईल आणि कोंबडी चरायला सोडता येईल अशी मोकळी जागा आहे का, हा प्रश्न नकाशावर कोण विचारतं? डोंगराच्या धोक्यातून माणसाला बाहेर काढताना त्याचं परसू काढून घेतलं तर तो सुरक्षित होतो, पण त्याच्या घरातली बाई पुन्हा नवऱ्याकडे एसटीच्या पैशांसाठी हात पसरते.

आपल्यापैकी बरेच जण पावसाळ्यानंतर ताम्हिणी, वरंध, आंबेनळी करत कोकणात उतरतात. वाटेत ‘गावठी अंडी मिळतील’ अशी पाटी दिसते. भाव ऐकून आपण म्हणतो, बापरे, डी-मार्टच्या दुप्पट-तिप्पट! खरं आहे. पण त्या भावात नुसतं अंडं नसतं. त्या कोंबडीनं वर्षातले कित्येक आठवडे अंडी न देता पिल्लांवर घालवलेत, त्याचेही पैसे त्यात आहेत. तेव्हा पुढच्या वेळी घासाघीस करण्याआधी एवढं विचारा, "मावशी, यंदा किती तलंगा अंड्यावर आल्या?" अंडी कदाचित स्वस्त मिळणार नाहीत. पण उत्तर नक्की मिळेल, आणि ते बहुधा लांबलचक असेल.